नाक तोंडात मोडते का?

जर्मनच्या पहिल्या लढाईच्या शेवटच्या वर्षी मी वाशीमकडच्या रिठदपासून कोसभर आत असलेल्या एका गावात मास्तर होतो. वय एकवीस. शाळेला एकच खोली, त्यात चार वर्ग आणि चारही वर्गांना मिळून मी एकटा. राहायला एका माळीण बाईंकडे होतो. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. विहिरीवरचा छोटा मळा त्या दोन गडी लावून स्वतःच करायच्या. वांगी, मेथी, मिरची आणि बांधाच्या कडेनं झेंडू. सारं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला मास्तर म्हणायच्या, पण अरे-तुरेच करायच्या. मास्तर हा शब्द मानाचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या साली पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. ज्वारी कमरेएवढी होऊन थांबली. आणि दसऱ्याच्या सुमाराला वाशीमकडून मानमोडीच्या बातम्या येऊ लागल्या. ताप भरायचा, अंग कांडल्यासारखं दुखायचं, मान धरता यायची नाही, म्हणून मानमोडी. आमच्या गावात अजून कोणी पडलं नव्हतं, त्यामुळे बोलायला सगळ्यांना भरपूर ताकद होती.

एके सकाळी तहसिलीतून सरकारी कागद आला. आमचे पाटील मोठे रुबाबदार गृहस्थ, पण छापील कागद आला की त्यांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे. त्यांनी कोतवालाला दवंडी द्यायला लावली, सारं गाव चावडीवर बोलावलं आणि कागद माझ्या हातात दिला. लेकुरवाळ्या बायका, काठी टेकत आलेले म्हातारे, शाळेची पोरं, सगळे दाटीवाटीनं बसले. मी घसा साफ करून वाचलं, "कलम पहिले. साथीच्या दिवसांत कोणीही एके ठिकाणी जमू नये."

मागून आवाज आला, "मास्तर, मांगं आयकू नाई येऊन राह्यलं!"

"मंग पुढं या की," पाटील म्हणाले. मागचे पुढे आले, पुढचे आणखी पुढे सरकले, आणि एका आजीबाईंचा गुडघा माझ्या पोटऱ्यांना लागला. तशा स्थितीत मी कलम पहिले पुन्हा वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगलं कलम आहे असं सर्वांचं मत पडलं.

शाळा बंद, या कलमाला पोरांनी आरोळी ठोकली. आठवडी बाजार बंद, या कलमाला मावशी उठून उभ्या राहिल्या. "बाजार बंद केला तं वांगे फुगाचे थांबतात का? सरकारले म्हना, आधी वांग्यायले कागद धाडा." पाटलांनी त्यांना हातानंच खाली बसवलं. मग मी ते कलम वाचलं ज्यानं पुढचे पंधरा दिवस गावाला दुसरा उद्योग उरला नाही. "चारचौघांत जाताना प्रत्येक इसमाने आपले तोंड चौपदरी फडक्याने झाकावे."

मग एक शेतकरी म्हणाला, "म्हंजे मुसकं!"

हा शब्द आमच्याकडे बैलासाठी असतो. डवरताना, म्हणजे पिकात कोळपणी करताना, बैलानं उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. शब्द निघाला मात्र, आणि सगळ्यांना सरकारचा डाव एकदम उमगला.

"बैलाले मुसकं आपन कायले बांधतो? खाऊ नाई म्हनून! आपल्याले काहून बांधून राह्यले मंग?"

"ज्वारी लढाईवर धाडाची असन."

"आपन कमी खावं, शिपायायनं जास्त खावं, असा इचार हाय हा."

पाटील चिडले. "अरे, फडकं सोडून जेवू नये असं कुठं लिवलं हाय? मास्तर, लिवलं हाय का?"

मी कागद उलटसुलट पाहिला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण ते लिहिलेलं नाही हेच फार संशयास्पद आहे, असं पुष्कळांना वाटलं.

इतक्यात एक म्हातारा उठला. बांधाच्या एका खटल्यात त्यानं तरुणपणी वाशीमच्या कोर्टात इतक्या खेपा घातल्या होत्या की निम्मा वकील होऊनच तो परतला होता. त्यानं विचारलं, "कागदात तोंड म्हटलं हाय. तोंड म्हंजे काय?"

"तोंड म्हंजे तोंड," पाटील म्हणाले.

"तसं नाई चालत कायद्यात. तोंड धुवून ये म्हटलं का आपन कपाळ, गाल, डोळे, समदं धुतो. तिथी तोंड म्हंजे पुरं थोबाड. तोंड उघड म्हटलं का आपन कपाळ उघडत नाई. तिथी तोंड म्हंजे निस्तं खायाचं भोक. सरकारले कोनतं पायजे? अन् नाक तोंडात मोडते का नाई?"

आता पाटलांच्या मिशांबद्दल सांगायला हवं. त्या मिशा पाच गावांत नामांकित होत्या. रोज सकाळी त्यांना लोणी लागायचं, आणि दुपारपर्यंत त्यांची टोकं कानाच्या पाळ्यांकडे वळलेली असायची. नाक झाकायचं म्हणजे मिशा झाकायच्या. पाटील ताबडतोब म्हणाले, "नाक तोंडात मोडत नाई. तोंड म्हंजे ओठ. मिशीच्या खाली जे हाय ते."

सगळे माझ्याकडे वळले. मी शिकलेला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "नाक तोंडातच धरावं लागेल. कारण श्वास आपण नाकानं घेतो."

"मंग जेवता कायनं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

चावडी इतकी हसली की पुढची कलमं वाचायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावात नाकवाले आणि तोंडवाले असे दोन तट पडले. मी, दोन-तीन तरुण शेतकरी आणि ज्यांना मिशा नव्हत्या असे बहुतेक लोक नाकवाले. पाटील आणि मिशावाले सगळे तोंडवाले. बायका आमचा वाद ऐकून पदर नाकावर ओढायच्या, पण तो हसू लपवायला. एकटा कोतवाल तिसऱ्याच मताचा निघाला. तो सरकारी माणूस. हुकमात कसूर नको म्हणून त्यानं तोंडाचा सर्वांत मोठा अर्थ धरला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं उपरण्यानं गुंडाळून दवंडी द्यायला निघाला. पाटलांच्या वाड्यापुढच्या गुरांच्या हौदात तो डफासकट पडला. बाहेर काढल्यावर तो पहिल्यांदा काय म्हणाला असेल, तर "डोळे तोंडात मोडत नाईत."

मावशी कोणत्याच तटात नव्हत्या. त्यांना वांगी विकायची होती. रिठदचा बाजार बंद झाल्यावर त्यांनी आपल्या डोक्यानं एक गोष्ट केली. गावाबाहेरच्या रस्त्याला कडुनिंबाची झाडं होती, एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर. भाजी विकणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी एकेक झाड नेमून दिलं. गिऱ्हाइकानं काठीनं आखलेल्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. विकणारीनं टोपली रेघेवर ठेवायची आणि मागं सरायचं. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "माह्या वांग्याच्या झाडाले रोग आला का मी काय करतो? मधातले दोन झाडं उपटतो. रोगाले उडी मारता नाई येत."

त्या गावातल्या बायकाही बोलताना 'करतो' म्हणतात, ते मला तोवर सवयीचं झालं होतं. त्या बोलण्यात काही विचार करण्यासारखं आहे, हे मात्र मला त्या वेळी सुचलं नाही. मी नाकाच्या बाजूनं पुरावे जमवण्यात गुंतलो होतो. बाजारात घासाघीस मात्र वीस पावलांवरून फडक्यातून करावी लागे, त्यामुळे कांदे मागितले तर मिरच्या यायच्या, आणि पाटलीणबाईंनी एकदा मेथीसाठी केलेलं भांडण शेजारच्या झाडाखालच्या बाईनं आपल्यावर घेतलं. ते दोन दिवस चाललं.

आठ-दहा दिवसांनी साथीची पाहणी करायला एक डॉक्टर साहेब आले. पुण्याकडचे, घोड्यावर. पाहणी आहे म्हणून पाटलांनी पुन्हा सगळं गाव एका जागी जमवलं. साहेबांनी नाकातोंडावर पांढरंशुभ्र फडकं बांधलं होतं, आणि त्याला निलगिरीच्या तेलाचा असा काही वास होता की पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. साहेबांच्या नाकावर फडकं पाहून मी पाटलांकडे विजयी मुद्रेनं बघितलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडे पाहिलं.

साहेब घोड्यावरूनच बोलले. चार पदरांतून येणारं ते बोलणं गोधडीत शिरलेल्या माणसासारखं होतं. हूं हूं आणि फूं फूं, मध्येच एखादा शब्द. शेवटी त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. तिथं कडुनिंबाखाली मावशी झेंडूच्या ढिगामागे बसल्या होत्या. आणि साहेब जोरात म्हणाले, "असंच! सगळ्यांनी अं-तर ठेवा!"

"मास्तर, काय म्हनून राह्यले सायब?" पाटलांनी मला विचारलं.

आता मी खरं सांगतो. मला तो शब्द नीट ऐकू आला नव्हता. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि आलं नाही म्हणायची लाज वाटली. आमच्याकडे 'अंतर ठेवा' असं कोणी म्हणत नाही, 'दूर राह्य' म्हणतात. त्यामुळे तो शब्द मनात आलाच नाही. नाकात निलगिरीचा घमघमाट होता, साहेबांचं बोट फुलांकडे होतं. मी ठामपणे म्हणालो, "अत्तर ठेवा, असं म्हणतात."

गाव चकित झालं. पाटील अदबीनं पुढे झाले. "सायब, कोनतंही चालते का?"

साहेबांना काय ऐकू गेलं देव जाणे. ते म्हणाले, "जितकं जास्त तितकं बरं!"

"लहान पोट्ट्यायलेही?"

"लहानांना तर आधी!"

एवढं बोलून त्यांनी घोडा वळवला. सरकारबद्दल गावाचं मत तेव्हापासून एकदम सुधारलं. मुसकं घालणारं सरकार वाईट. पण गरिबाच्या लेकरांनाही अत्तर लावा म्हणणारं सरकार कुठं मिळतं?

पाटलांनी वाशीमहून अत्तरवाले चाचा बोलावले. चाचांनी पेटी उघडली तेव्हा तेही बुचकळ्यात पडले होते. चाळीस वर्षांच्या धंद्यात लग्नाशिवाय आणि ईदेशिवाय त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हिना, खस, मोगरा, केवडा. ज्याला जे जमलं ते त्यानं घेतलं. नेहमीच्या पद्धतीनं लोक कापसाचा फाया कानात ठेवू लागले, तेव्हा तो निम्मा वकील आडवा आला. "कागदात कान नाई. कान तोंडात मोडत नाई." त्यावर मी निकाल दिला की अत्तर फडक्यावरच लावायचं.

आणि त्यामुळे पंधरा दिवसांचा वाद आपोआप मिटला. अत्तर काही ओठांनी हुंगता येत नाही. मोगऱ्याचं फडकं हनुवटीवर बांधायचं आणि नाक कोरडं बाहेर ठेवायचं, हे कोणत्या माणसाला सहन होईल? एकेक तोंडवाल्याचं फडकं वर चढू लागलं. पाटील दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी त्यांना मिशांचा पीळ दबू नये असं फुगीर फडकं शिवून दिलं. ते बांधून पाटील चावडीवर आले तेव्हा छोट्या उशीत तोंड घालून बसल्यासारखे दिसत होते, पण डोळे समाधानानं मिटलेले होते. आतून केवडा दरवळत होता.

तहसिलीला अहवाल पाठवायचा होता. तो मीच लिहिला, मोडीत: 'हुकुमाप्रमाणे गावातील लहानथोर सर्व इसमांनी अत्तर ठेविले आहे.' आमच्याकडे मोडी लिहिताना जोडाक्षराची आणि अनुस्वाराची कोणी फार पर्वा करत नसे. घाईघाईत मी 'अतर' असं लिहिलं आणि पाटलांची सही घेतली.

मग मानमोडी खरोखरच गावात आली. ते दिवस मला हसत सांगता येत नाहीत. माझ्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी गेली. फार सुंदर अक्षर होतं तिचं. कोतवालाची बायको गेली. तो त्यानंतर कितीतरी दिवस डफ हातात घेईना.

मीही पडलो. नऊ दिवस मला कशाचीच शुद्ध नव्हती. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की मी पडवीत पडलोय आणि मावशी नाकावर फडकं बांधून अंगणात उभ्या आहेत, आणि गवत ओढायच्या दाताळ्याच्या लांब दांड्यानं ज्वारीच्या पेजेची वाटी माझ्याकडे सरकवताहेत.

"मावशी, मी काय कुत्रा आहे का?" मी क्षीण आवाजात म्हणालो.

"कुत्र्याले ताप नाई," त्या म्हणाल्या. "पी मुकाट्यानं."

पाटीलही त्याच सुमाराला तापातून उठले. अंगानं निम्मे झाले होते. मिशा मात्र तेवढ्याच होत्या, त्यामुळे त्या दुप्पट दिसायच्या. उठल्या उठल्या त्यांनी केवड्याची कुपी मागवली, हुंगली आणि ओरडले, "पानी हाय हे! निस्तं पानी!" चाचांना पुन्हा बोलावणं गेलं. चावडीवर पंचायत बसली. कुपी हातोहात फिरली. ज्यानं हुंगली त्यानं सांगितलं की वास झकास आहे. पाटील पुन्हा हुंगत आणि पुन्हा म्हणत, "समदे मिळून फसवून राह्यले मले."

चाचांनी कुपी स्वतः हुंगून पाहिली. शेवटी म्हणाले, "पाटील, माल तोच आहे. नाक गेलं तुमचं."

बिचाऱ्या चाचांच्या मनात वासाचंच होतं. तापानं कित्येकांचा वास जात होता, आणि पुढे महिन्याभरात पाटलांचा परतही आला. पण भर चावडीत पाटलाचं नाक गेलं म्हणणं म्हणजे काय? पाटील उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. मी मध्ये पडून सांगितलं की नाक जागेवर आहे, फक्त त्याचं काम थांबलंय. त्यावर म्हातारा म्हणाला, "शाळेसारखं." आणि पाटलांना हसू फुटलं म्हणून चाचा त्या दिवशी सुखरूप वाशीमला पोहोचले.

दिवाळी होऊन गेल्यावर तहसिलीतून आणखी एक कागद आला. तो छापील, बाळबोध अक्षरात. पाटलांनी चष्मा घरी विसरून मला बोलावलं. लिहिलं होतं की, साथीच्या काळात एकमेकांत अंतर ठेवण्याचा हुकूम या गावच्या लोकांनी उत्तम पाळल्याचे पाटलाच्या अहवालावरून व प्रत्यक्ष पाहणीवरून दिसून आले, सबब इतर गावांनी हा नमुना घ्यावा.

'अंतर' या शब्दावर माझी जीभ अडकली. घोड्यावरचे साहेब, त्यांचं बोट, ती कडुनिंबाची झाडं, माझं मोडीतलं 'अतर'. सगळं एकदम डोळ्यापुढे आलं. मी शब्द गिळत वाचून टाकलं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पाटलांची छाती फुगली होती आणि लोक म्हणत होते, अत्तराचा गुण आहे.

मी तसाच मळ्यात गेलो. मावशी विहिरीजवळ मेथी उपटत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं; अगदी रडकुंडीला येऊन.

त्यांनी मान वर केली नाही. "मले तवाच समजलं व्हतं. मी त्याच झाडाखाली बसली व्हती ना? सायब दूर दूर बसा म्हनत व्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी पंधरा दिस भांडले. नाक झाकाले कोनी तयार झालं का? अत्तर म्हटलं तं समदे झाकाले लागले. मंग मी कायले मधात बोलतो?" त्यांनी मेथीचा ढीग माझ्याकडे लोटला. "बस. जुड्या बांध."

मी जुड्या बांधल्या. त्यांनी त्या सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या.

शाळा उघडली तेव्हा थंडी चांगली पडली होती. फडकी हळूहळू नाहीशी झाली. कोणी त्यात दही टांगलं, कोणी दिव्याच्या वाती केल्या. अडून बसला तो एकटा निम्मा वकील. त्याचं म्हणणं असं, की फडकं बांधायचा हुकूम आला होता, सोडायचा आलेला नाही. त्यानं मला तहसिलीला अर्ज लिहायला लावला. उत्तर आलं नाही. संक्रांतीला मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहून एका बोटानं फडकं वर केलं, तिळगूळ आत टाकला, फडकं खाली सोडलं, आणि आतून काहीतरी गोड म्हणाला. काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही. या वेळी मात्र मी त्याला पुन्हा बोलायला लावलं.